वाचलेला हंडा कुणाचा?

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पिंगळी नावाचे एक लहानसे स्थानक आहे. दोन्ही बाजूंना काळी जमीन. पावसाळ्यात ती हिरवी असते. उन्हाळ्यात नुसती ढेकळे आणि भेगा. २०१६ च्या एप्रिलमध्ये तेथे राहणाऱ्या एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या घरी मी मिस्सा अर्पण करण्यासाठी गेलो होतो. आसपासची चार-पाच कुटुंबे जमली होती. तारीख १७ एप्रिल, पुनरुत्थानकाळातील चौथा रविवार. या रविवारी आपण उत्तम मेंढपाळाचे स्मरण करतो. त्या दिवशीचे दुसरे वाचन प्रकटीकरणाच्या पुस्तकातून होते. ज्यांना यापुढे तहान लागणार नाही आणि ज्यांना कोकरा जीवनाच्या झऱ्यांकडे नेईल, अशा लोकांचे वर्णन त्यात आहे. वाचन करणाऱ्या मुलीचा आवाज त्या ओळींपाशी किंचित अडखळला. अंगणातल्या रिकाम्या ड्रमांकडे आमच्यापैकी कुणी पाहिले नाही, पण ते तेथे आहेत हे प्रत्येकाला ठाऊक होते.

त्या वर्षी मराठवाड्याच्या धरणांतील उपयुक्त साठा तीन-चार टक्क्यांवर आला होता. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्च महिन्यात लातूरच्या पाणवठ्यांभोवती जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, कारण टँकरपाशी मारामाऱ्या होण्याची भीती होती. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली गाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर पाणी. लोकांनी तिला ‘जलदूत’ म्हटले. दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की ३० एप्रिलनंतरचे आयपीएल क्रिकेटचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवावेत. मैदाने व खेळपट्ट्या राखण्यासाठी या सामन्यांना साठ लाख लिटर पाणी लागेल, असे ‘लोकसत्ता मूव्हमेंट’ या संस्थेच्या याचिकेत म्हटले होते. माणसे महत्त्वाची की सामने, असा प्रश्न न्यायालयाने सुनावणीत विचारला होता. त्यावर क्रिकेटच्या संघटकांनी एक तोड सुचवली. आम्ही पिण्याचे पाणी वापरणारच नाही. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरील टर्फ क्लबकडून प्रक्रिया केलेले सांडपाणी टँकरने आणू आणि तेच मैदानावर शिंपडू. न्यायालयाचे एवढ्याने समाधान झाले नाही. त्यानंतरचे बहुतेक सामने राज्याबाहेर गेले आणि अंतिम सामना २९ मे रोजी मुंबईऐवजी बंगळुरूला झाला.

मिस्सानंतर चहा झाला आणि बोलणे साहजिकच या विषयाकडे वळले. एक तरुण म्हणाला, “फादर, ते गटाराचं पाणी वापरायला तयार होते ना? मग सामने हलवायचं कारण काय?” दुसऱ्याला गटाराचे पाणी मैदानावर शिंपडण्याची कल्पनाच सहन होईना. “खेळाडू त्या गवतावर लोळतात. उद्या बागेलाही तेच पाणी घालतील, आणि आपली लेकरं तिथं खेळतील.” दोघांचा वाद रंगला. घरची वृद्ध आजी भिंतीला टेकून ऐकत होती. तिने मला विचारले, “फादर, त्या पान्यावरची फुलं आल्ताराला चालतील का?”

मी म्हणालो, “चालतील, आजी.” आणि सेमिनरीत शिकलेला मनुष्य जसे करतो तसे मी सविस्तर स्पष्टीकरण दिले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “बरं. बागंला ते पानी घातलं, तर मग चांगलं पानी कुनाला देनार हायेत?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी होते. दुसऱ्याचे नव्हते. त्यानंतर हे दोन प्रश्न अनेकदा माझ्या मनात आले आहेत. आज आपल्या राज्यातील अनेक शहरांत उद्याने, मैदाने, रस्त्यांच्या दुभाजकांवरची झाडे यांना प्रक्रिया केलेले सांडपाणी द्यावे की नाही, याची चर्चा होते. ती बहुतेक वेळा आजीच्या पहिल्या प्रश्नाभोवती फिरते आणि तेथेच संपते. माझ्या मते खरा नैतिक प्रश्न दुसरा आहे. पण पहिल्याला डावलून दुसऱ्याकडे जाता येत नाही, म्हणून आरंभ पहिल्यापासूनच करू.

माझे बालपण वसईत गेले. आमच्या घराच्या न्हाणीमागे अळूचा वाफा होता आणि त्याला लागून केळी. न्हाणीचे व भांडी घासल्याचे सगळे पाणी तिकडेच वळवलेले असे. त्या अळूच्या वड्या सणासुदीला पानावर येत आणि पाहुणे त्या मागून घेत. हे कोणत्या पाण्यावर वाढले, असे विचारणारा एकही पाहुणा मला आठवत नाही. मराठवाड्यात आल्यावर पाहिले, की येथेही मोरीच्या पाण्यावर कर्दळ फुलते आणि शेवगा उभा असतो. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने तर घरोघरी शोषखड्डे करून सांडपाणी जमिनीत मुरवले, गावातली गटारे संपवली आणि त्याबरोबर डासही. तेव्हा वापरलेले पाणी पुन्हा वापरणे ही परदेशातून आलेली नवी कल्पना आहे, असे म्हणण्यात अर्थ नाही. पाणी विहिरीतून स्वतःच्या हाताने शेंदून आणणाऱ्या बाईने ते एकदाच वापरून फेकून दिले असेल, हे संभवत नाही.

मोरीचे पाणी आणि शहराचे मैलापाणी यांत फरक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मैलापाण्यात रोगजंतू असतात. ते तसेच बागेत सोडणे हा लोकांच्या जिवाशी खेळ होईल. म्हणूनच त्यावर प्रक्रिया करतात. आधी जाळ्यांतून चिंध्या, प्लास्टिक, कचरा अडवला जातो. मग मोठ्या टाक्यांत गाळ खाली बसू दिला जातो. त्यानंतर पाण्यात हवा खेळवतात, आणि निसर्गातलेच सूक्ष्म जीव त्या घाणीवर पोसून ती संपवतात. पुन्हा निवळणे, वाळूतून गाळणे आणि शेवटी क्लोरीन किंवा अन्य उपायांनी जंतूंचा नाश. नदी जे काम कित्येक मैल वाहताना करते, तेच काम येथे थोड्या जागेत व थोड्या वेळात करवून घेतले जाते.

आणि नदीचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट स्पष्टपणे सांगावी लागेल. गोदावरी नाशिकहून येते. तिच्या काठच्या गावांचे सांडपाणी, प्रक्रिया झालेले आणि न झालेलेही, तिच्यात मिसळते. ते पैठणला जायकवाडीच्या जलाशयात येते आणि तेथून आम्हा मराठवाड्याच्या लोकांच्या नळांत व कालव्यांत. प्रवाहाच्या खालच्या अंगाला राहणारा प्रत्येक मनुष्य वरच्या अंगाच्या माणसाने वापरलेले पाणी पीत आला आहे. भारताच्या शहरांत रोज सुमारे ७२,००० दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते आणि त्यातील जेमतेम २८ टक्क्यांवर प्रत्यक्ष प्रक्रिया होते, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये सांगितले. बाकीचे जाते कोठे? ओढ्यांत, नद्यांत, भूजलात; आणि शेवटी कुणाच्या तरी घड्यात. ज्याला बागेसाठीसुद्धा प्रक्रिया केलेले पाणी नको वाटते, तो पिण्यासाठी अनेकदा प्रक्रिया न केलेले पाणी घेत असतो. फरक इतकाच, की मधल्या प्रवासात नदीचे नाव लागलेले असते.

तरीही किळस ही किळस असते. ती आकड्यांनी जात नाही. ऑस्ट्रेलियात टुवुंबा नावाचे एक शहर आहे. दुष्काळाने तेथील धरणे तळाला गेली असतानाही जुलै २००६ मध्ये तेथील नागरिकांनी मतदान करून शुद्ध केलेले सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळण्याची योजना फेटाळली. सुमारे ६२ टक्के लोक विरोधात गेले. ती सुशिक्षित माणसे होती. तेव्हा पिंगळीच्या आजीला किंवा त्या तरुण पित्याला अडाणी म्हणून मोकळे होण्याचा अधिकार कुणालाच नाही.

किळसेचेही दोन प्रकार आहेत, आणि ते निरनिराळे ओळखता आले पाहिजेत. आपल्या चर्चच्या जुन्या सेक्रिस्टीत एक खास कुंड असे. पवित्र भांडी धुतल्याचे किंवा बाप्तिस्म्याचे उरलेले पाणी त्यात ओतत, आणि ते गटाराला न मिळता थेट मातीत मुरे. आजही अनेक ठिकाणी ही काळजी घेतली जाते. येथे पाणी कोठे जावे याबद्दल एक आदर आहे. पाण्याबद्दलची जी भावना आपल्याला अधिक जपून वागायला लावते, ती जतन करण्याजोगी आहे.

पण पाण्याबद्दलच्या दुसऱ्या एका भावनेचा अनुभव याच महाराष्ट्राला आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्ये केला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर ते तळे बाटले असे ठरवण्यात आले, आणि शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी त्यात ओतून त्याची ‘शुद्धी’ झाली. गुरेढोरे ज्या तळ्यात पाणी पीत होती, ते माणसाच्या ओंजळीने बाटले! त्या तळ्यावरचा हक्क न्यायालयात सिद्ध व्हायला १९३७ साल उजाडावे लागले. तेथे घाणीचा प्रश्न कधीच नव्हता. माणूस कोणता, एवढाच प्रश्न होता.

मराठवाड्यातील आपल्या अनेक कुटुंबांना हा इतिहास पुस्तकांतून शिकण्याची गरज नाही. त्या दिवशी निघताना आजीने मला सांगितले, की तिच्या लहानपणी विहिरीपाशी घागर ठेवून दूर उभे राहावे लागे. कुणा दयाळू बाईला वेळ मिळाला की ती वरून पाणी ओती. आल्ताराच्या फुलांबद्दल तिने विचारले ते किळसेपोटी नव्हे, हे मला तेव्हा उमगले. अमुक पाणी चालते, तमुक चालत नाही, हे ठरवणारे लोक तिने जन्मभर पाहिले होते. या बाबतीत प्रभूच्या घरचा नियम काय आहे, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. प्रभू येशूने याकोबाच्या विहिरीवर शमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले. तिच्या भांड्यातले पाणी यहुदी माणसाला चालत नाही, हे तिला ठाऊक होते आणि त्यालाही. त्याने मागितले. नियम आहे तो एवढाच.

म्हणून फुले चालतील. बागही चालेल, मैदानही चालेल. मात्र पाणी खरोखर शुद्ध होते आहे, याची खातरी लोकांना मिळाली पाहिजे. प्रक्रिया केंद्र बांधणे सोपे, ते वीज भरून, यंत्रे राखून बारा महिने चालवणे कठीण. पाण्याची तपासणी नियमित व्हावी, तिचे निकाल लोकांना वाचता येतील असे लावावेत, नळाच्या तोट्या वेगळ्या व ओळखू येतील अशा असाव्यात, मुले बागेत नसतील अशा वेळी पाणी सोडावे. यातले काही न करता “विश्वास ठेवा” असे लोकांना सांगणे म्हणजे श्रद्धेची मागणी करणे होय, आणि श्रद्धा ही नगरपालिकेने मागण्याची वस्तू नाही.

आता दुसरा प्रश्न. चांगले पाणी मग कुणाला?

२०१६ च्या त्या आदेशावर टीका करणाऱ्यांचा एक मुद्दा मला बिनतोड वाटला होता. मुंबईतले सामने हलवून लातूरला एक थेंबही मिळणार नाही, असे ते म्हणत. मुंबईचे पाणी लातूरला नेणारी नळवाहिनी नाही. शिवाय हिशेब पाहा. साठ लाख लिटर म्हणजे त्या पहिल्या जलदूत गाडीच्या बारा फेऱ्या. लातूर शहराची वस्ती त्या वेळी सुमारे चार लाख; म्हणजे गाडीच्या एका फेरीत माणशी लिटर-सव्वा लिटर पाणी आले. पुढे वाघिणी पन्नास झाल्या आणि पावसाळा येईपर्यंत शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे शहर तगले. या मोजमापात मैदानावरचे पाणी म्हणजे फारच थोडे. मग सामने हलवणे हा केवळ देखावा झाला का?

या प्रश्नाशी झगडताना मला दावीद राजाची गोष्ट आठवते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, तेविसाव्या अध्यायात ती आहे. दावीद गडावर होता आणि बेथलेहेमात शत्रूचा तळ पडला होता. व्याकूळ होऊन तो बोलून गेला, की वेशीजवळच्या त्या विहिरीचे पाणी कुणी आणून देईल तर! त्याचे तीन वीर शत्रूच्या छावणीतून घुसले, पाणी काढले आणि घेऊन आले. दावीदाने ते प्यायले नाही. ज्यांनी प्राण पणाला लावले त्यांचे हे रक्तच आहे, असे म्हणून त्याने ते परमेश्वरासमोर ओतून टाकले.

हिशेबाने पाहिले तर दावीदाने पाणी वाया घालवले. कुणाचीही तहान भागली नाही. पण त्या क्षणी त्याला एक गोष्ट दिसली, जी तोवर दिसली नव्हती : आपल्या हातातल्या पेल्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली आहे. सामने हलवण्याचा आदेशही त्याच जातीचा होता. त्याने लातूरची तहान भागली नाही. पण ज्या राज्यात पाणवठ्यावर पोलीस उभे आहेत, तेथे गवत भिजवणाऱ्या पाण्याचीही किंमत कुणीतरी मोजतो आहे, हे काही दिवस का होईना सर्वांना पाहावे लागले. देखावा म्हणून त्याची वासलात लावणे मला पटत नाही.

पण दावीदाची गोष्ट तेथे संपली तरी आपली संपत नाही. त्याला सत्य दिसले; पुढे काय करायचे हे आपल्याला ठरवायचे आहे. येथे आपल्या प्रायश्चित्त संस्काराची शिकवण मला मार्गदर्शक वाटते. चोरी केलेला मनुष्य पापनिवेदनाला आला, तर त्याचा पश्चात्ताप पुरेसा मानला जात नाही. शक्य असेल तर चोरलेली वस्तू ज्याची त्याला परत करण्याचे बंधन त्याच्यावर येते. “यापुढे चोरणार नाही” एवढे म्हणून वस्तू स्वतःपाशी ठेवणाऱ्याचा पश्चात्ताप खोटा ठरतो.

प्रक्रिया केलेले पाणी मैदानाला घालणे म्हणजे “यापुढे पिण्याचे पाणी वापरणार नाही” हे वचन. ते चांगलेच आहे. पण जे चांगले पाणी त्यामुळे वाचले, ते कोठे गेले? ते जर आधीच चोवीस तास नळ असलेल्या वस्तीतील मोटारी धुण्यात गेले, किंवा नव्या संकुलाच्या पोहण्याच्या तलावात गेले, तर परतफेड झालीच नाही. घाण पाणी वापरल्याचे पुण्य एकाने घेतले आणि चांगले पाणी पुन्हा त्याच्याच ओळखीच्या माणसाने. याहून वाईट म्हणजे, ‘आमचे पाणी पुनर्वापराचे आहे’ हा फलक हिरवळ वाढवण्याचा परवाना बनू शकतो. कालपर्यंत दुष्काळात जी बाग लाजत होती, ती आज दुप्पट जागेत पसरते. पापाची क्षमा मिळाली म्हणून पाप करण्याची मुभा मिळाल्यासारखे हे आहे. आपल्या इतिहासात क्षमापत्रांचा बाजार एकदा मांडला गेला आणि त्याची फार मोठी किंमत ख्रिस्तसभेने मोजली. म्हणून हा धोका आपल्याला तरी लवकर ओळखू यावा.

पाण्याच्या वाटपात क्रम कुणाचा, हा प्रश्न आपल्या राज्याने कागदावर अनेकदा हाताळला आहे. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिले स्थान होते, त्यानंतर उद्योग आणि त्यानंतर शेती. शेतकऱ्यांत व अभ्यासकांत त्यावरून असंतोष माजला. २०११ मध्ये क्रम बदलून शेती दुसऱ्या स्थानावर आणली गेली. गोदावरीच्या खोऱ्यात वरच्या धरणांनी जायकवाडीला किती पाणी सोडावे, याचेही सूत्र ठरले आहे. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल, तर वरून पाणी यावे. दुष्काळी वर्षांत त्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात न्यायालयापर्यंत भांडणे झाली आहेत. म्हणजे पाण्याची पंगत कशी बसावी, हे ठरवणे अशक्य नाही. आपल्या गावजेवणात लेकरे आणि पाहुणे आधी बसतात, यजमान शेवटी. त्यासाठी कुणाला कायदा वाचून दाखवावा लागत नाही. सामने आणि शोभेची हिरवळ या पंगतीत शेवटी बसणारी माणसे आहेत. त्यांच्या पानावर काहीच वाढू नये, असे मी म्हणत नाही. शहरातल्या गरिबाला सावलीची जागा हवी असते आणि ती बहुधा सार्वजनिक बागेतच मिळते; ज्याच्या घरी अंगण नाही त्याच्या मुलांचे मैदान वाळू देणे हाही अन्याय होईल. पण शेवटच्याने पहिल्याच्या पानाकडे हात नेऊ नये.

सेंट थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात एक शिकवण मांडली, जी सेमिनरीत आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. पराकोटीच्या गरजेच्या वेळी सर्व वस्तू सर्वांच्या असतात. मरणाच्या दारी असलेल्याने दुसऱ्याच्या संपत्तीतून जगण्यापुरते घेतले, तर ती चोरी नव्हे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्याजोग्या सुरक्षित पाण्याला मूलभूत व सार्वत्रिक मानवी हक्क म्हटले, ते याच परंपरेतून. ही शिकवण मनापासून स्वीकारली, तर वाचलेले पाणी म्हणजे ‘शिल्लक’ नव्हे. त्याचा मालक ठरलेला आहे. तहानेने व्याकूळ असलेला माणूस तो.

हे व्यवहारात जमते का? काही अंशी जमते. नागपूरच्या भांडेवाडी येथे रोज १३० दशलक्ष लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याची व्यवस्था झाली. त्यामुळे वीजकेंद्राला लागणारे तितके स्वच्छ पाणी मोकळे झाले. वाचलेल्या पाण्याचा जमाखर्च मांडता येतो, हे यातून कळते. प्रश्न आहे तो जमेपुढचा खर्चाचा रकाना लोकांसमोर उघडा करण्याचा. शहराच्या खालच्या अंगाला नाल्याच्या पाण्यावर भाजी पिकवून जगणारी कुटुंबे असतात. वरच्या वर सगळे सांडपाणी विकले गेले, तर त्यांचे काय? त्यांनाही त्या रकान्यात स्थान हवे.

आणखी एका माणसाचा उल्लेख राहिला, तर हा सगळा विचार अपुरा राहील. मैलापाणी केंद्रापर्यंत पोहोचते ते नळांतून, आणि ते नळ तुंबले की कुणाला तरी त्यात उतरवले जाते. २०१३ च्या कायद्याने माणसाकडून असे काम करून घेण्यावर बंदी आणली. गटारात मृत्यू आल्यास कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, यातच काय ते आले. महाडच्या तळ्यावर ज्यांना रोखले गेले, त्यांचीच नातवंडे-पतवंडे आज बहुसंख्येने या कामावर आहेत. आपली बाग पुनर्वापराच्या पाण्यावर फुलवताना तो नळ साफ करणाऱ्याला यंत्र, हातमोजे, पगार आणि मान मिळाला नसेल, तर त्या पाण्यातील जंतू मेले असतील, पण जुना विटाळ जिवंत आहे.

हे सारे लिहिताना दुसऱ्यांना उपदेश करणे सोपे जाते, म्हणून स्वतःकडेही पाहतो. मी ज्या चर्चमध्ये सेवा केली, त्यांपैकी एकाच्या आवारात गुलाबाचे ताटवे होते. त्यांना रोज विंधन विहिरीचे पाणी जाई, आणि कुंपणापलीकडच्या वस्तीतल्या बाया सकाळी आमच्या फाटकाशी हंडे घेऊन उभ्या राहत. आम्ही त्यांना पाणी देत होतो. पण झाडांना घालून झाल्यावर. ते अनेक महिने चालले आणि माझ्या लक्षात आले नाही. पिंगळीहून परतल्यावर आले. मग क्रम बदलला. आधी फाटक, मग न्हाणीचे पाणी ताटव्यांना. गुलाब पहिल्यासारखे आले नाहीत, त्याजागी कर्दळ बरी आली. यात थोर असे काही नाही. उशिरा झालेली परतफेड आहे.

आपल्या गावात किंवा शहरात उद्या बागेसाठी प्रक्रिया केलेले पाणी वापरण्याची योजना आली, तर कृपया विरोधासाठी विरोध करू नका. त्याचबरोबर टाळ्या वाजवून घरीही जाऊ नका. नगरसेवकाला तीन गोष्टी विचारा. पाण्याची तपासणी कोण करतो आणि निकाल कोठे लावता? नळात कोण उतरतो? आणि वाचलेले पाणी कोणत्या वस्तीला, कोणत्या दिवसापासून, किती वेळ मिळणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत तो पुन्हा पुन्हा विचारावा लागेल. पहिला प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात, दुसरा थोडे विचारतात. तिसरा ज्यांच्यासाठी विचारायचा, ते त्या वेळी बहुधा टँकरच्या रांगेत उभे असतात.

पिंगळीची आजी आता हयात नाही. तिच्या दफनविधीला मी गेलो होतो. आल्तारावर तिच्याच घरच्या कर्दळीची लाल फुले होती, मोरीच्या पाण्यावर वाढलेली. कुणी काही विचारले नाही, आणि मीही काही स्पष्टीकरण दिले नाही.